तुमचे प्रश्न, माझी उत्तरे

प्रश्न: आमच्या भजनी मंडळातल्या चौघींना तिरुवैय्यारूच्या त्यागराज आराधनेला जायचंय. तमिळ येत नाही, कर्नाटक संगीताचा गंध नाही. जावं का? – एक वाचक, राजापूर

उत्तर: ताई, जरूर जा. तमिळचं म्हणाल तर ती आली असती तरी भागलं नसतं! कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, तिथे सगळे मिळून गातात. त्यांतली पहिली संस्कृतात, उरलेल्या चार तेलुगूत. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री असा रागांचा क्रम. तो पाठ असला की कुठवर आलं ते कळतं. मी गेले तेव्हा नुसत्या टाळ्या देत बसले होते, शेजारच्या आजींनी हात धरून ताल सुधारला.

आराधना म्हणजे त्यागराजांची पुण्यतिथी. तिथी आपलीच, पौष वद्य पंचमी. म्हणजे बहुधा जानेवारी. गाव तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, कावेरीकाठी. आपल्या राजापूरच्या अर्जुना नदीसारखी भरतीओहोटी मात्र शोधू नका. तिथलं पाणी मेट्टूर धरणातून सुटतं.

चौघी बायका आहात म्हणून मुद्दाम सांगते. पूर्वी या उत्सवात बायकांना गाऊ देत नसत. गायिका बेंगळुरू नागरत्नम्मांनी स्वतःच्या पैशांनी त्यागराजांच्या समाधीचं मंदिर बांधलं आणि बायकांची वेगळी आराधना सुरू केली. त्यांचा पुतळा समाधीसमोरच आहे. तिथे आधी जा.

परतताना तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय बघा, मोडी कागद भरपूर आहेत. आणि बसायला चटई घरूनच न्या.