डाग अजून आजोबांचाच

प्रश्न : अमेरिकेतल्या रँचवर गुरांना अजून डाग देतात का? की तेही मशिनवर गेलं?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : देतात की! मी टेक्सासात गुरांचा डॉक्टर आहे. दर वसंतात तो करपट धूर नाकात जातोच. डाग ही घराण्याची निशाणी. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत तिची नोंद असते, दर 10 वर्षांनी नव्याने करावी लागते. आजोबांचा डाग नातू सहसा सोडत नाही. त्या दिवशी शेजारपाजारचे येतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. कुणी वासरू आडवं पाडतो, कुणी लस टोचतो, कुणी खच्ची करतो. जेवण मालकाचं.

घोडे आहेत, पण गुरं वळायला चार चाकांच्या बाइकही आल्या, मोठ्या रँचवर तर हेलिकॉप्टर. खरा घाव घातलाय तो वाटण्यांनी. भावंडांत तुकडे पडतात, एखादा विकतो, तिथे बंगले उठतात. कितीतरी घरांत मालकीण गावात नोकरी करते, तीही नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्यविम्यासाठी! नुसत्या गुरांवर भागत नाही हो.

आणि इथल्या उकाड्यात तगणारी ‘ब्राह्मन’ नावाच्या जातीची गुरं? त्यांच्या रक्तात गीर, ओंगोल आणि चक्क आपली कृष्णाकाठची जात आहे. वशिंड बघा, लगेच ओळखाल.