मिस्टर शारजाला येतायत, तर आधी राहायचं बघा

खानापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्या शारजात सीबीएसई शाळेत गणित शिकवतात, मिस्टरांचं बेळगावात खडेबाजारला कापडाचं दुकान, डिसेंबरात ते पहिल्यांदाच महिनाभर येतायत तर काय काय तयारी करू. सोबत यादी पण पाठवलीय, फिरायची ठिकाणं त्यात भरपूर, आणि राहायचं मात्र एका ओळीत उरकलंय, "शाळेच्या फ्लॅटमधेच".

ताई, तिथंच अडतंय बघा. फ्लॅट शाळेनं दिलेला आहे आणि दुसऱ्या खोलीत आणखी एक टीचर राहतात म्हणता, मग तिथं पुरुष माणूस महिनाभर कसा चालेल? रूममेट तोंडावर नाही म्हणणार नाही पण अडचण तिची पण होतेच की. तिकीट काढायच्या आधी शाळेच्या एचआरला ईमेलवरच विचारा, तोंडी "हो हो बघू" वर जाऊ नका. नाही म्हणाले तर महिन्याच्या भाड्यानं फर्निश्ड स्टुडिओ बघा, महाग पडतो, पण मग महिनाऐवजी वीस दिवस या म्हणावं. लग्नाचा दाखला कुठंही मागू शकतात, कन्नडमधे असेल तर इंग्लिश भाषांतर करून ठेवा. पासपोर्टवर बेळगाम आणि दाखल्यावर बेळगावी असलं म्हणून घाबरू नका, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नावच बदललंय. त्यापेक्षा मिस्टरांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना ते बघा. आपल्याकडं बऱ्याच जणांचा असतो आणि नुसत्या एका नावावर अमिरातीचा व्हिजिट व्हिसा 2022 पासून अडकतो.

व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. महिनाभर म्हणजे नेमके 30 धरून परतीचं तिकीट काढू नका, फ्लाइट हुकली की दिवसाला 50 दिरहम दंड.

आता सामान. सासूबाई अनारसे देणारच, आणि अनारशाला खसखस. अमिरातीत खसखस बंदी आहे, म्हणजे खरोखर पोलिस केस होते, मसाल्यात असली तरी तेच. कुंदा खुशाल आणा. तंबाखूची सवय असेल तर गुटखा-पान काही बॅगेत नको, निपाणीच्या पाहुण्यांनी प्रेमानं दिलं असलं तरी. खोकल्याच्या औषधात कोडीन असतं कधी कधी, त्यामुळं डॉक्टरची चिठ्ठी ठेवा आणि ते औषध तिकडं चालतं का ते आधी बघा. आणि शारजात दारू पूर्ण बंद आहे, दुबईत मिळते म्हणून तिथली बाटली गाडीतनं आणायचं डोकं कुणी लावू नये.

पण मला खरं बोलायचंय ते दुसरंच. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तुमची शाळा चालू असणार, तुम्ही सकाळी सहाला बाहेर, दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी, आणि ते दिवसभर खोलीत बसून तुमची वाट बघणार. दुकानात माणसांत वावरलेला माणूस तो, दोन दिवसांत कंटाळतो आणि मग चहा पण तुम्हीच करायचा असं होतं. पाहुणा म्हणून ठेवू नका. पहिल्याच दिवशी घराची दुसरी किल्ली, तिकडचं सिम आणि खर्चाला थोडे दिरहम हातात द्या, दर वेळी तुमच्याकडं मागायला लागलं तर ते बोलणार नाहीत पण लागतं मनाला. नाहीतर प्रत्येक वस्तूचे रुपये करून "अगं एवढ्याला पाणी?" चालूच राहतं, ते तर होणारच म्हणा. भाजी आणायचं काम सरळ त्यांच्याकडं द्या, भाव करायला त्यांना आवडेल.

शारजात 2022 पासून शुक्र-शनि-रवि सुट्टी असते, फिरणं तेव्हाच ठेवा. शाळेला खोटं सांगून सिक लीव्ह घेऊ नका, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायच्या वेळी ते निघतं. आणि सकाळी दुकानातल्या पोराला फोन करायची सवय त्यांची मोडू नका. आपल्याकडं दहा म्हणजे तिकडं साडेआठ, तुम्ही तेव्हा वर्गातच असता.