डलासला येताय? पिस्तुलाबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमच्या मिस्टरांना डलासची ऑफर आलीय, मुलगी सात वर्षांची आहे आणि "तिथे माणसं खरंच पिस्तूल घेऊन फिरतात का, आपणही घ्यावं का" असं तुम्ही विचारलंत. मी २००७ पासून इथेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हो, फिरतात. दिसतं क्वचित, कारण बहुतेकांचं शर्टाखाली नाहीतर पर्समध्ये असतं. टेक्ससमध्ये हे पूर्वापार चालत आलंय असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९९५ पर्यंत सामान्य माणसाला पिस्तूल अंगावर बाळगायला जवळजवळ बंदीच होती. १९९१ मध्ये किलीन गावच्या एका कॅफेटेरियात एकाने २३ जणांना मारलं. सुझाना हप नावाच्या एक बाई तिथे जेवत होत्या. कायदा मोडायला नको म्हणून त्यांनी आपलं पिस्तूल गाडीतच ठेवलं होतं; आई आणि वडील दोघंही त्या दिवशी गेले. पुढे पिस्तूल बाळगू द्या म्हणून त्या जागोजागी साक्ष देत राहिल्या आणि वारं फिरलं. १९९६ पासून परवान्यावर लपवून बाळगता येऊ लागलं, २०१६ पासून उघड, आणि सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. देशभर मनं तशीच बदलली. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्टच्या १९९९ च्या पाहणीत बंदूक ठेवण्याचं मुख्य कारण म्हणून ४९ टक्के मालकांनी शिकार सांगितली होती, स्वसंरक्षण फक्त २६ टक्क्यांनी. २०२३ मध्ये प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत ७२ टक्के मालक स्वसंरक्षण हे मोठं कारण मानत होते.

तुमचं उत्तर मात्र सोपं आहे: घेऊ नका. एच-वन (नोकरीचा) आणि एच-फोर (त्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, पण त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. ऑफिसची मंडळी मजा म्हणून शूटिंग रेंजवर बोलावतील, तिथेही हेच. पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि कागद काढायला लगेच वाकू नका.

आता माझी खरी काळजी. मुलगा सहा वर्षांचा असताना एका वाढदिवसाला गेलो होतो, आपल्याच मराठी घरी. केकच्या मेणबत्त्या काढायला मी स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडला. मेणबत्त्या, काडेपेटी, चिकटपट्टी आणि त्यांच्या शेजारी भरलेलं पिस्तूल. बाहेर बारा मुलं लपाछपी खेळत होती. यजमान चांगला, प्रेमळ माणूस. रात्री-अपरात्री बायको एकटी असते म्हणून घेतलेलं. त्याची भीती खोटी नव्हती. २०२३ मध्ये डलासजवळच्या ॲलन गावच्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी पिस्तूल घेतलं. ग्रीन कार्ड आल्यावर आम्हीही दोन रात्री बोलत बसलो. नाही घेतलं. घरात मूल असताना ते चटकन हाताशीही हवं आणि कुलपातही हवं, हे मला जमणारं नाही.

मुलीला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी फोनवर सरळ विचारा: "तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?" पहिल्यांदा माझी जीभ अडखळली होती. समोरची बाई म्हणाली, "हो, तिजोरीत असते, या, दाखवते." आणि दाखवलीही. आपल्या माणसांना विचारायला जास्त संकोच वाटेल. त्यांनाही विचारा.