आधी कूलरची खिडकी ठरवा, मग पलंग

प्रश्न : ताई नमस्कार. मानेवाड्यात वन बीएचके भाड्यानं घेतलंय. हॉल दहा बाय बारा, बेडरूम दहा बाय दहा. लग्न नुकतंच झालं, सध्या दोघंच आहोत. फर्निचर वगैरेसाठी हातात ३५ हजार आहेत. बायको म्हणते सोफा पाहिजे, आई म्हणते आधी कपाट घ्या, मले तर काहीच समजून नाही राहिलं. आणि दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी गावाकडचे आठ-दहा जण मुक्कामाला येतातच, तेही धरून सांगा. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, एवढं सगळं लिहिलं पण कूलरचं नावच नाही घेतलं! नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तुम्ही सोफ्यावर भांडून राहिले. बेडरूममध्ये कूलर कोणत्या खिडकीत लागणार ते आधी पाहा, शक्यतो सावलीची बाजू, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर हवा बाहेर जात नाही, खोलीत नुसती ओल भरते आणि रात्रभर चिपचिप. ती खिडकी ठरली की पलंग तिच्या एकदम तोंडासमोर नको, थोडा तिरपा घ्या, सकाळी अंग आखडत नाही. आणि कपाट त्या भिंतीला अजिबात नको. स्वस्तातलं जे पार्टिकल बोर्डचं कपाट मिळते नं, त्याला ओल लागली की कडा फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि एकदा फुगलेलं बोर्ड परत बसत नाही. म्हणून म्हणते, लोखंडी कपाट घ्या, जुनं चालेल, फक्त खालचा पत्रा वाकून बघा गंजला का, आणि लॉक चारदा फिरवून पाहा.

कूलर लोकल लोखंडी बॉडीचा घेतला तरी चालते, पण थ्री-पिन प्लग आणि घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवूनच घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, इथं पैसे वाचवू नका. घाई नसेल तर पाऊस लागल्यावर भाव करा, तेव्हा दुकानदार जरा ऐकतो.

आता सोफा. तीन सीटचा सोफा सहा फुटांच्या आसपास असतो, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये एक भिंत गेली आणि त्यावर झोपता कोणाला येत नाही. त्यापेक्षा सहा बाय तीनचा पेटीवाला दिवाण करा. तिघं-चौघं आरामात बसतात, एक जण झोपतो आणि पेटीत पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण जाते. सुतार ओळखीचा असेल तर लकडगंजातून प्लाय आणून बनवून घ्या. आठ बाय चारच्या एका शीटमधून वरचा पाट निघाला की साधारण दोन बाय चारचा तुकडा उरतो, तो टाकू नका, खाली लोखंडी पाय लावले की जेवायला-लिहायला टेबल झाला. दिवाणाला साधा कमर्शियल प्लाय चालतो. किचनमध्ये ओट्याखाली लावायचा असेल तर मात्र आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का असलेलाच मागा.

आठ-दहा पाहुण्यांसाठी पलंग घेत बसू नका हो. माहेरच्या, सासरच्या जुन्या कापसाच्या गाद्या असतीलच, त्या पिंजून घ्या, गांधीबागेतून कापड आणून नव्या खोळी शिवा, खाली सतरंज्या. गावाकडच्या माणसाला उलट तेच बरं वाटते. तुमच्या दोघांची गादी मात्र नवी आणि चांगली घ्या. माझ्या हिशोबानं गादी, कूलर आणि दिवाण यातच बहुतेक पैसे जातील. बायकोला सांगा, दिवाणावर छान चादर आणि दोन लोड टाकले की सोफ्याची आठवणही येत नाही. (नाही ऐकलं तर मला लिहू नका, तो तुमचा घरचा मामला.)

प्रश्न : सेकंडहँड लाकडी पलंग स्वस्तात मिळून राहिला, पण ढेकणांची भीती वाटते. घेऊ का? — एक वाचक, महाल

उत्तर : घ्या, पण दिवसाउजेडी पाहून. मोबाईलचा टॉर्च लावून सांधे, स्क्रूची भोकं, पाटांच्या खालची बाजू तपासा. काळे बारीक ठिपके किंवा ढेकणांची वाळलेली सालं दिसली की नमस्कार करून निघा. लाकूड बोटानं ठोका, आत पोकळ आवाज आला किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी समजा. काही नसलं तरी घरात आणण्याआधी पलंग पूर्ण खोलून सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओता आणि कडक उन्हात नीट वाळू द्या. जुनी गादी पलंगासोबत फुकट देत असतील तरी घेऊ नका.

प्रश्न : दुकानवाला नो कॉस्ट ईएमआयवर फ्रिज देतो म्हणतो. खरंच व्याज नसते का? — एक वाचक, सदर

उत्तर : त्याला आधी विचारा, रोख दिले तर किती? त्यात आणि ईएमआयच्या बेरजेत जो फरक निघेल, तेच व्याज. वरून प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दुकानवाला सांगत नाही, कार्डाच्या बिलात दिसतो. फरक थोडा असेल तर घेऊन टाका, उन्हाळ्यात फ्रिजवाचून हाल होतात.