स्वस्त निविदेत काय नाही ते आधी पाहा

प्रश्न : आमच्या सिमेंट कारखान्याच्या धुरातून रोज १००० टन कार्बन डायऑक्साइड पकडायचा प्लांट उभारायचा आहे. तीन ईपीसी (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकत्र करणाऱ्या) कंत्राटदारांच्या एकरकमी निविदा आल्या. ९० टक्के वायू पकडण्याची हमी तिघांचीही आहे, पण एकाचा दर बराच कमी आहे. निवड कशी करावी?

उत्तर : त्या स्वस्त निविदेतला बॅटरी लिमिटचा, म्हणजे कंत्राटदाराच्या कामाच्या हद्दीचा, नकाशा उघडा आणि वाफेची लाइन कुठून येते ते बघा. बहुतेकदा ती सीमारेषेपाशी संपते आणि पुढे ‘मालकाकडून’ असे लिहिलेले असते. दराची गोम तिथेच आहे.

धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषला जातो; तो त्यातून सोडवायला रिबॉयलरमध्ये (द्रावण तापवणाऱ्या भांड्यात) वाफेने उष्णता द्यावी लागते. मोनोइथेनॉलअमाइन या नेहमीच्या अमाइनचे ३० टक्के द्रावण वापरले तर पकडलेल्या वायूच्या टनामागे साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल. कमी दाबाच्या एक टन वाफेतून सुमारे २.२ गिगाज्यूल मिळतात. म्हणजे ताशी ४२ टन वायूसाठी किमान ६७ टन वाफ! वीजकेंद्रात ती टर्बाइनमधून काढता येते, सिमेंट कारखान्यात मात्र एवढी वाफ शिल्लक नसते. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या कारखान्यात वर्षाला ४ लाख टन, म्हणजे उत्सर्जनाच्या जेमतेम निम्मा वायू पकडायचे ठरले, कारण टाकाऊ उष्णता तेवढ्यालाच पुरत होती. तुमच्याकडे नवा बॉयलर लागणार असेल तर त्याचा खर्च, आणि त्याच्या धुरातला कार्बनही, तिन्ही निविदांत सारखाच धरा.

आता हमीच्या अटी. ९० टक्के हे धूर द्रावणाने धुणाऱ्या मनोऱ्यात, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बरमध्ये शिरणाऱ्या वायूतले असतात, तेही वायू ४० अंशांच्या आसपास थंड आणि सल्फर डायऑक्साइड साधारण १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) खाली असेल तर. तुमची रॉ मिल (चुनखडी दळणारी गिरणी) बंद पडली की वायू तापतो आणि सल्फर व धूळ वाढते, कारण एरवी मिलमधला चुनखडीचा चुराच बरेचसे सल्फर शोषून घेतो. सल्फरमुळे अमाइनचे उष्णतेने न सुटणारे क्षार बनतात, आणि द्रावण सतत बदलत राहावे लागते. कॅनडातल्या बाउंड्री डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात २०१४ साली प्लांट सुरू झाल्यावर राखेने आणि अमाइन खराब होण्याने बराच छळ केला. म्हणून हमी ‘मिल चालू’ आणि ‘मिल बंद’ अशा दोन्ही स्थितींसाठी मागा. एकाच सरासरी आकड्यावर सही करू नका.

द्रावणाचा परवानाधारक (ज्याचे तंत्रज्ञान वापरायचे तो) आणि बांधकाम करणारा वेगळे असतील तर भांडण ठरलेलेच. मनोऱ्यातल्या पॅकिंगच्या (वायू आणि द्रावण जिथे भिडतात त्या भरणाच्या) डोक्यावरचा लिक्विड डिस्ट्रिब्युटर, म्हणजे द्रावण सगळीकडे सारखे पसरवणारा भाग, जरा कलता बसला की द्रावण एका बाजूने उतरते, दुसऱ्या बाजूने वायू न धुता निसटतो आणि पकड घसरते. मग परवानाधारक म्हणतो उभारणी चुकली, कंत्राटदार म्हणतो द्रावण कमी पडले. कामगिरीची जबाबदारी एकाच्याच गळ्यात बांधा. तेही शक्य नसेल तर मॅनहोल बंद करण्याआधी पाणी सोडून डिस्ट्रिब्युटरची चाचणी घ्या आणि कागदावर दोघांच्याही सह्या घ्या.

प्रश्न : कॉम्प्रेसरनंतरची पाइपलाइन साध्या कार्बन स्टीलची चालेल का?

उत्तर : वायू कोरडा असेल तर चालेल. ओलाव्यात त्याचे कार्बॉनिक आम्ल होते आणि साधे पोलाद खाल्ले जाते, म्हणून डिहायड्रेशनच्या (ओलावा काढण्याच्या) आधीचे कूलर आणि सेपरेटर स्टेनलेसचेच घ्या. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमागची नळी मात्र विसरू नका : दाब एकदम उतरला की तिथे कोरडा बर्फ जमतो आणि तोंड बंद होते.