दुरातोनच्या घळीत सायकल नेऊ नका, काठावर न्या

तुम्ही विचारलंय की स्पेनमधल्या ‘ओथेस देल रिओ दुरातोन’ या नॅचरल पार्कमध्ये नदीच्या घळीतून सायकल चालवत जाता येतं का, साधी रोड सायकल पुरेल का आणि किती दिवस हाताशी ठेवावेत.

मी या भागात सायकलने हिंडलो आहे. सगळ्यात आधी हे सांगतो की घळीच्या तळातून सायकल चालवत जायचा बेत सोडून द्या. तळाशी जी वाट आहे ती चालणाऱ्यांची आहे. अरुंद, दगडगोट्यांची, मध्येच पाण्याला अगदी चिकटून जाणारी. सायकलची जागा वर, पठारावर. आणि खरं सांगू का, घळ बघायची तर वरूनच बघावी.

कारण या प्रदेशाची घडणच तशी आहे. सेगोव्हिया प्रांताच्या ईशान्येला साधारण हजार मीटर उंचीचं पठार आहे. त्यातला चुनखडक दुरातोन नदीने लाखो वर्षं कापत नेला. सेपुल्वेदा गावापासून बुर्गोमियोदोच्या धरणापर्यंत ही नदी सत्तावीस-एक किलोमीटर वेडीवाकडी वळणं घेत जाते आणि कडे काही ठिकाणी शंभर मीटरहून उंच आहेत. पण पठारावरून जाताना यातलं काहीही दिसत नाही. दोन्ही बाजूंना गव्हा-बार्लीची शेतं, मध्येच जुनिपरची गोल झुडपं, रानथाइमचा वास, आणि सगळं सपाट. नदी आहे अशी शंकाही येत नाही. मग रस्ता संपतो, सायकल उभी करून शंभर पावलं चालता, आणि पायाखालची जमीनच तुटलेली दिसते. गाडीने आलेल्यांना हा धक्का निम्माच बसतो, कारण ते पार्किंगमध्ये उतरतात तेव्हा समोर काय आहे ते पाटीने आधीच सांगितलेलं असतं. सायकलवर तासभर ते सपाटपण अंगात मुरलेलं असतं.

मुक्काम सेपुल्वेदात करा. उद्यानाचं माहिती केंद्र गावातल्या जुन्या सांतियागो चर्चमध्ये आहे. पहिलं काम म्हणून तिथे जाऊन नकाशा घ्या आणि कुठल्या वाटा खुल्या आहेत ते विचारा. हे अगदी आवर्जून सांगतोय. पुएन्ते दे तालकानो ते पुएन्ते दे बियासेका या दोन पुलांमधल्या घळीतल्या लांब पायवाटेसाठी 1 जानेवारी ते 31 जुलै या काळात परवाना लागतो, आणि रोज ठरावीकच लोकांना सोडतात. तेव्हा गिधाडांचा विणीचा हंगाम असतो. युरेशियन गिधाडाची मादी हिवाळ्यात एकच अंडं घालते आणि पिल्लू उडायला उन्हाळा अर्धा सरतो. माणसांच्या वर्दळीने आईबाप घरट्यावरून उठले, की त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जातं. या उद्यानात गिधाडांच्या काही शे जोड्या आहेत. युरोपातल्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. 1989 मध्ये या भागाला संरक्षण मिळालं, त्यात यांचा वाटा मोठा आहे.

आता मुख्य फेरी. सेपुल्वेदाहून बियार दे सोब्रेपेन्याकडे निघा. पुढे रस्ता घळीत उतरतो, बियासेकाच्या पुलावरून नदी ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. डांबरी रस्त्याने सायकलसकट घळीच्या पोटात जायची हौस इथे भागते. उतार मजेचा आहे, पण ब्रेक तपासून घ्या, सामान लादलेली सायकल इथे झपकन वेग घेते. पुलाजवळ खडकात कोरलेली ‘सात वेद्यांची गुहा’ आहे. व्हिसिगॉथ काळातलं, म्हणजे अरब येण्याआधीचं, हे छोटंसं प्रार्थनास्थळ जाळीच्या दारातून बघता येतं. मग चढ, आणि वर बियासेका गाव.

बियासेकापासून सान फ्रुतोस या संताच्या मठाकडे चार-पाच किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. रोड सायकलचा प्रश्न इथेच येतो. अठ्ठावीस मिलिमीटर रुंद टायरवर हा रस्ता पार होतो, पण खडीवर सगळं लक्ष चाकाकडे राहतं आणि आजूबाजूचं काही बघून होत नाही. पस्तीस-चाळीस मिलिमीटरचे टायर असलेली ग्रॅव्हल (खडीच्या वाटांसाठीची) किंवा टूरिंग सायकल असेल तर चैन आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून मधला वार धरा आणि सकाळी निघा. रस्ता संपतो तिथे सायकल कुलूप लावून ठेवा आणि शेवटचा सुमारे किलोमीटरभर चाला.

नदीने तिन्ही बाजूंनी वेढा घातलेल्या एका खडकाच्या टोकावर सान फ्रुतोसचा मठ उभा आहे. फ्रुतोस हा सेगोव्हियाचा रक्षक संत. परंपरेप्रमाणे 715 मध्ये तो वारला. बहीण एन्ग्रासिया आणि भाऊ बालेन्तिन यांच्यासह तो इथल्या एकांतात राहायचा. सध्याच्या रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या) चर्चचा अभिषेक 1100 सालचा. मठाकडे जाताना जमिनीत एक खोल चीर लागते, तिला ‘ला कुचियादा’ म्हणतात. मुसलमान फौजेपासून पळून आलेल्यांना वाचवण्यासाठी फ्रुतोसने काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि तिथे धरणी दुभंगली, अशी कथा सांगतात. आता त्या चिरेवर 1757 चा दगडी पूल आहे. 25 ऑक्टोबरला संताचा सण असतो आणि आसपासच्या गावांतून लोक इथे येतात. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा, माणसं बघायची असतील तर मुद्दाम तोच धरा.

मठामागे जाऊन कड्याजवळ बसा, अगदी कडेला नको. घाई करू नका. गिधाडं सकाळी लवकर उडत नाहीत. ऊन खडकावर पडून हवा तापली आणि वर चढू लागली, की मगच ती पंख उघडतात. म्हणून दहा-अकराच्या सुमारास तिथे असणं उत्तम. समोरच्या कड्यावर पांढरे ओघळ दिसतील. विष्ठेच्या त्या खुणांवरून घरट्यांच्या कपारी ओळखता येतात. एरवी गिधाड आपल्याला खालून, काळ्या आकृतीसारखं दिसतं. इथे ते तुमच्या पायांच्या खालून जातं, आणि त्याची पाठ दिसते. मातकट पिवळसर पाठ, मागे गडद पिसांची कड, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. पसरल्यावर अडीच मीटर भरणारे ते पंख जवळून गेले की पिसांतून सुटणाऱ्या वाऱ्याचा सूं असा आवाज ऐकू येतो. खाली धरणाच्या फुगवट्याचं हिरवं, जवळजवळ स्थिर पाणी. मार्चनंतर आलात तर आफ्रिकेहून परतलेलं छोटं पांढरं गिधाडही दिसू शकतं. ते ओळखायला पिवळा चेहरा बघा. ड्रोन उडवायचा विचारही करू नका.

व्यवहाराचं बोलायचं तर पाणी ही खरी अडचण आहे. पठारावर सावली जवळपास नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपार भाजून काढते. मे, जूनचा पूर्वार्ध, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे चांगले. गावोगावी कारंजी असतात, पण ‘आगुआ नो पोताब्ले’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. छोट्या खेड्यांत दुकान असेलच असं नाही, आणि असलं तरी दुपारी बंद. म्हणून खाणंपिणं सेपुल्वेदातूनच बांधून घ्या. इथलं नाव आहे ते लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या कोवळ्या कोकराचं. शाकाहारी असाल तर बटाट्याची तोर्तिया (यात अंडं असतं), चीज आणि पाव यांवर दिवस निभावतो. उसळीसारखे दिसणारे घेवड्याचे पदार्थ मागवण्याआधी मात्र विचारा, त्यांत बहुधा डुकराचं मांस असतं.

वारा पश्चिमेचा असेल तर जाताना दम काढतो. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे आणि गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं. बहुतेक जण ते पाळतात.

दिवस किती? सेपुल्वेदात दोन मुक्काम पुरेत. एक दिवस सान फ्रुतोस, दुसरा दिवस गाव आणि घळीतली पायपीट. गावातलं 1093 चं साल्वादोर चर्च आणि गावाबाहेरचा थुलोआगा मिरादोर (म्हणजे देखावा बघायची जागा) चुकवू नका. सेगोव्हियापर्यंत रेल्वेने येऊन तिथून पेद्राथामार्गे सायकलने आलात तर तो प्रवासही सुंदर आहे, चढउतार मात्र भरपूर.

आणखी दोन दिवस असतील तर सेपुल्वेदाहून ईशान्येला रियाथा नदीच्या घळींकडे जा. तेही नॅचरल पार्क आहे, आणि गर्दी फार कमी. तिथे 1975 पासून गिधाडांसाठी राखीव क्षेत्र आहे. वाटेत मादेरुएलो हे तटबंदीचं गाव लागतं. तिथल्या बेरा क्रुथ चर्चमधली मूळ भित्तिचित्रं आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत, कारण खाली धरण बांधताना ती तिकडे हलवली. म्हणून परतताना माद्रिदमध्ये थांबणार असाल तर प्रादोतली ती खोली शोधाच.