गर्भाच्या मानेमागचा द्रव

प्रश्न : माझ्या सुनेला तेरावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाळाचा ‘एनटी’ ३.१ मिलिमीटर, म्हणजे वाढलेला, असे लिहिले असून डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी सुचवली आहे. सून २७ वर्षांची आहे आणि दोन्ही घराण्यांत असा आजार कोणालाच नाही. चांगल्या मशीनवर पुन्हा सोनोग्राफी करून खात्री होणार नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एनटी म्हणजे गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली साठलेल्या द्रवाची जाडी. डाउन सिंड्रोममध्ये, म्हणजे २१व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असतात तेव्हा, ती पुष्कळदा वाढलेली आढळते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील कायप्रोस निकोलायडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा संबंध मांडला आणि पुढे ही मोजणी जगभर रूढ झाली.

मोजणी मात्र मोठी नाजूक आहे. बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच ती करायची असते. बाळाने मान मागे टाकलेली असेल तर आकडा अर्ध्या मिलिमीटरनेही फुगू शकतो. आणि त्याची पाठ गर्भजलाच्या पिशवीला टेकलेली असेल तर ते हलून बाजूला होईपर्यंत डॉक्टर थांबून राहतात, कारण पिशवीचे आवरण आणि बाळाची त्वचा या दोन रेषा स्क्रीनवर सारख्याच दिसतात. त्यामुळे फेरमोजणी करायचीच असेल तर या मोजणीचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांकडून ती याच आठवड्यात करून घ्या. मशीनच्या किमतीवर जाऊ नका.

तरीही खात्री होणार नाही. सोनोग्राफीत गुणसूत्रे दिसत नाहीत. एवढा एनटी असलेली बहुसंख्य बाळे निरोगी जन्मतात. उलट बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे बाळ सोनोग्राफीत अगदी चारचौघांसारखे दिसते आणि त्याचा सुगावा आईवडिलांच्या रक्ततपासणीतूनच लागतो. घराण्याबद्दल म्हणाल, तर डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा वारशाने येतच नाही. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, पण तरुण वयात ती शून्य नसते.

डबल मार्कर (आईच्या रक्तातील दोन घटकांची तपासणी) किंवा आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची तपासणी केवळ शक्यता सांगते. पक्के निदान वारेच्या नमुन्यातून आत्ताही होऊ शकते, किंवा पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजलातून. अनुभवी हातांत यामुळे गर्भपात होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. गुणसूत्रे ठीक निघाली तरी विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी चुकवू नका, कारण वाढलेला एनटी कधीकधी हृदयातील दोषाचीही खूण असतो. गंभीर दोष आढळल्यास २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, हे ध्यानात ठेवून तपासण्या लांबवू नयेत.

गुणसूत्रांच्या तपासणीत प्रयोगशाळेला लिंग कळते, पण कायद्याने ते तुम्हाला सांगता येत नाही. कृपया विचारूही नका. या तपासणीच्या संमतीपत्रावर सही सुनेचीच लागते, तेव्हा समुपदेशनाच्या वेळी प्रश्नही तिलाच आधी विचारू द्या.